कँडीचा पेराहेरा: विकतची खुर्ची घ्यावी का?

श्रीलंकेतल्या कँडीत एसळ पेराहेराच्या, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूच्या (दाताच्या अवशेषाच्या) सन्मानार्थ निघणाऱ्या वार्षिक मिरवणुकीच्या दिवसांत, मिरवणुकीच्या रस्त्यांवर खुर्च्या विकल्या जातात. विकणारे कधी दुकानदार, कधी एजंट. प्लास्टिकची खुर्ची आणि पदपथावरची जागा, बहुतेक ठिकाणी एवढंच मिळतं. परदेशी पाहुण्याला भाव डॉलरमध्ये सांगतात आणि तो रात्रीगणिक चढत जातो. तरीही रंदोलीच्या, म्हणजे शेवटच्या पाच रात्री खुर्ची घ्यावी. कुंबलला, म्हणजे पहिल्या पाच रात्री गरज नाही.

मिरवणुकीच्या रात्री 10. पहिल्या 5 कुंबल, नंतरच्या 5 रंदोली. रंदोलीत पालख्या येतात, हत्ती आणि नर्तक वाढतात, आणि शेवट आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास होतो. कुंबलला दुपारी चारच्या आत पोचून पदपथावर चटई टाकली तरी चांगलं दिसतं. शेवटच्या रात्री मात्र चेंगराचेंगरी आणि भाव दोन्ही कळसाला पोचतात. पैसे आणि डोळे दोन्ही वसूल होतात ते रंदोलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री.

वरच्या मजल्याची खिडकी सहसा महाग विकतात. तिथून हत्तींच्या झुली आणि दिवे सुरेख दिसतात, पण पेराहेरा पायांचा आहे. वेस नर्तकांची (कँडीच्या पारंपरिक नर्तकांची) पावलं, गेटबेरया या ढोलाचा ठेका आणि मालिगावाच्या, म्हणजे दंतधातूच्या मंदिराच्या हत्तीपुढे अंथरत नेलेली पांढरी पायघडी हे सगळं रस्त्याच्या पातळीवरूनच पाहावं. त्या हत्तीच्या पाठीवरचा करंडा ही प्रतिकृती असते. मूळ दंतधातू मंदिरातून बाहेर येत नाही. या हत्तीच्या मागे नाथ, विष्णू, कतरगाम आणि पत्तिनी या चार देवालयांच्या मिरवणुका याच क्रमाने येतात. कतरगामचा कावडी नाच आणि पत्तिनीच्या नर्तिका पाहायच्या तर शेवटपर्यंत बसावं लागतं. पुष्कळजण मालिगावाचा हत्ती गेला की उठतात, आणि उरलेलं सोनं सोडून जातात.

आमची पसंती दुसऱ्या रांगेला, वर छप्पर असलेल्या दुकानाच्या ओट्यावर. पहिल्या रांगेसमोरून जाळीच्या हिलालांत (मशालींत) खोबरं जळत जातं. ठिणग्या उडतात, पातळ नायलॉनच्या रेनकोटला भोकं पडतात. सुती कपडे बरे. पाऊस हमखास धरून चला. छत्री उघडली की मागच्यांचं दिसणं बंद होतं.

फसगत बहुधा एकाच प्रकारे होते. ‘पहिली रांग’ म्हणून पैसे घेतात आणि संध्याकाळी तिच्यापुढे आणखी एक रांग मांडतात. म्हणून खुर्चीवर क्रमांक आहे का, दुकानाचं नाव काय, आपण रस्त्याच्या कुठल्या बाजूला, स्वच्छतागृह कुठे, पाऊस आला तर पैशांचं काय, हे आधी लेखी घ्या. बाजू विशेष महत्त्वाची, कारण रस्ता बंद झाला की पलीकडे जाता येत नाही आणि खुर्ची डोळ्यांसमोर असून उपयोग नसतो. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. उरलेली जागेवर बसल्यावर.

मुक्काम कँडीतच, चालत जाण्याच्या अंतरावर ठेवा. कोलंबोहून रेल्वेने साधारण तीन तास लागतात, पण मिरवणूक संपल्यावर रात्री परत निघण्याचा बेत आखू नये; गर्दीतून बाहेर पडायलाच बराच वेळ जातो, आणि थ्री-व्हीलवाले त्या वेळी मीटर लावत नाहीत. दळदा मंदिरात (मालिगावात) आधी दर्शन घ्यायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पादत्राणं बाहेर.