एसीत दर एप्रिलला गॅस भरताय? मग हे वाचा (कोथरूड, पुणे)

आमचा दीड टनाचा स्प्लिट 2011 चा, आर-22 नावाच्या गॅसवर चालणारा. गेली तीन वर्षं आधीचा मेकॅनिक एप्रिल आला की यायचा, "गॅस कमी झालाय" म्हणून भरायचा, पैसे घेऊन जायचा, आणि मलाही वाटायचं की स्कूटरचं पेट्रोल संपतं तसा एसीचा गॅस संपत असेल. यंदा शेजारच्यांनी सांगितलं म्हणून ही दुसरी सर्व्हिस बोलावली. त्यातला पोरगा पहिल्यांदा काय म्हणाला असेल तर, "काका, गॅस संपत नसतो, गळतो."

आणि खरंच, आउटडोअर युनिटच्या फ्लेअर नटवर (गॅसची तांब्याची नळी जोडतात तो नट) त्याने साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे, थांबायचं नावच नाही! म्हणजे तीन वर्षं मी पैसे देऊन हवेत गॅस सोडत होतो. आता हा आर-22 साधासुधा नाही, त्यात क्लोरीन असतो, गॅस वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ओझोनचा थर असतो तिथे गेला की उन्हातल्या यूव्हीने (अतिनील किरणांनी) तो क्लोरीन सुटतो आणि एकेक अणू लाखभर ओझोनचे रेणू फोडतो. तिथला ओझोन कमी म्हणजे खाली यूव्ही-बी हे घातक किरण जास्त, मोतीबिंदू, त्वचेचा कॅन्सर, समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनाही (प्लवकांना) मार. शिवाय उष्णता अडवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या 1800 पट वगैरे. 1987 च्या मॉन्ट्रियल करारापासून जगभर हे गॅस बंद करणं चाललंय, आणि आमच्या गॅलरीत फुस्स.

या लोकांनी उरलेला गॅस मशीनने सिलेंडरमध्ये ओढून घेतला (आधीचा सरळ नट सैल करून सोडून द्यायचा), फ्लेअर (नळीचं पसरट तोंड) नवीन केली, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, अर्धा तास व्हॅक्यूम, मग वजनकाट्यावर मोजून गॅस. बिल साडेचार हजार, महाग आहे, पण जूनपर्यंत कूलिंग जसंच्या तसं.

मी विचारलं, नवीन आर-32 गॅस यातच भरता येईल का? नाही म्हणाला, त्याचं प्रेशर जास्त आणि तो पेटूही शकतो, त्याला मशीनच वेगळं लागतं. त्यात क्लोरीन नाही हे चांगलं, तापवतो मात्र तोही, पण बराच कमी. नवीन एसी गळ्यात मारायचा प्रयत्न केला नाही, हे विशेष.

एक स्टार कापला कारण अकराला येतो म्हणून अडीचला आले आणि साबणाचं पाणी तुळशीच्या कुंडीत सांडून गेले, ते मलाच धुवावं लागलं. 4/5.