पाहुणे, जुनी आर्केड मशीन आणि ८ महिने: काय टिकलं, काय काढून टाकलं

संच असा: पॅक-मॅन (१९८०), सेंटिपीड (१९८१), रोबोट्रॉन २०८४ (१९८२) आणि पोल पोझिशन (१९८२). चारही उभी कॅबिनेट, चारही सीआरटीवर (जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर). खेळणारे बहुतेक पाहुणे, म्हणजे लहान मुलं, फोनवर खेळून हात तयार झालेली तरुण मंडळी आणि ‘हे तर आम्ही लहानपणी खेळायचो’ म्हणत थेट जॉयस्टिकला भिडणारे काका. बचावासाठी जे जे बसवलं, त्याचा हा ८ महिन्यांनंतरचा हिशेब.

सर्वांत जास्त फायदा झाला तो लीफ स्विचची (बटण दाबलं की धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकतात असा जुना स्विच) पाती नीट लावल्याचा. त्यात एकही नवा भाग लागला नाही. पाहुणा बटण आपटतो किंवा जॉयस्टिक उपटायला निघतो तो बहुतेक वेळा मशीनने आपलं ऐकलं नाही असं वाटून. फोन किंवा आजचा गेमपॅड वापरणाऱ्याला बोटाखाली ‘टक’ अशी पोच हवी असते. लीफ स्विच ती देत नाही, पाती गुपचूप टेकतात. त्यातून फट वाढलेली असली तर पहिला दाब वाया जातो, दुसरा दाब दुप्पट जोराने येतो, त्या जोराने पाती आणखी वाकते आणि फट आणखी वाढते. हे चक्र तोडलं की निम्मी आपटाआपट आपोआप थांबते.

पाती लावताना बटण मोकळं असताना साधारण १ ते १.५ मिमी फट ठेवावी. बटण अर्धं खाली गेल्यावर पाती टेकल्या पाहिजेत आणि त्यानंतरच्या प्रवासात लांब पातीने आखूड पातीला थोडं ढकलत नेलं पाहिजे. हे शेवटचं घासणंच संपर्क स्वच्छ ठेवतं. पाती वाकवायची ती मुळाशी, जिथे ती थरांमधून बाहेर येते तिथे. मध्येच वाकवली तर तिचा ताण जातो आणि आठवड्याभरात फट परत वाढते. संपर्कबिंदू साफ करायला जाड कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून पात्यांमध्ये धरावी आणि हलक्या दाबाने ओढून घ्यावी, दोन-तीनदा. सँडपेपर किंवा कानस लावली की मुलामा निघतो आणि पुढे ते बटण कायमचं लहरी होतं.

रिस्ट्रिक्टर प्लेटचं, म्हणजे जॉयस्टिक कोणत्या दिशांना जाऊ शकते हे ठरवणाऱ्या पट्टीचं, गणितही तेच. पॅक-मॅनला चौदिशा जॉयस्टिक लागते. स्वस्तात मिळाली म्हणून अष्टदिशा जॉयस्टिक बसवलेली मशीन खूप दिसतात, आणि तिथे पाहुणा सर्वांत जास्त चिडतो. कोपऱ्यावर वळताना जॉयस्टिक तिरकी जाते, दोन दिशा एकदम लागतात, पॅक-मॅन सरळ निघून जातो आणि पुढच्या वळणावर माणूस दांडी मुळापासून ओढतो. डाँकी काँगच्या शिडीवरही हाच प्रकार होतो. क्यू-बर्टमध्ये उलटं. तिथे चौदिशा जॉयस्टिक मुद्दाम ४५ अंशांत फिरवून बसवलेली असते आणि पाहुणा सरळ वर-खाली ढकलत राहतो. अशा मशीनवर दिशांचे चार बाण दाखवणारं छोटं चित्र लावणं कुठल्याही पोलादी पट्टीपेक्षा कामाचं. ‘हळू खेळा’ ही पाटी मात्र कुणी वाचत नाही, तिचा काहीही उपयोग नाही.

रोबोट्रॉनने सर्वांत जास्त काम काढलं. दोन जॉयस्टिक, फायरचं बटणच नाही, म्हणजे खेळणाऱ्याचं सगळं अंग दोन दांड्यांवर. या लीफ जॉयस्टिकमध्ये दांडी मध्यावर आणण्याचं काम रबरी ग्रोमेट (दांडीभोवतीची रबरी कडी) करतो. रबर कडक झालं किंवा चिरलं की दांडी सोडली तरी मध्यावर येत नाही, एक दिशा लागलेलीच राहते, आणि माणूस उलट्या बाजूला हिसका देतो. ग्रोमेट तपासायची सोपी रीत अशी की दांडी एका टोकाला नेऊन सोडावी. ती एकदाच हलून मध्यावर थांबली तर ठीक. दोनदा-तीनदा डुलली किंवा कडेला रेंगाळली तर नवा ग्रोमेट बसवायचा. या मशीनवर तो ८ महिन्यांत दोनदा बदलावा लागला. मधल्या काळात नुसता स्विच ॲडजस्ट करत बसणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे.

जॉयस्टिक पॅनेलला कशी धरली आहे हे आधी बघा. लाकडी पॅनेलला खालून लाकडी स्क्रू मारलेले असतील तर भोकं आज ना उद्या लंबगोल होणारच. ते स्क्रू काढून वरून कॅरेज बोल्ट (गुळगुळीत गोल डोक्याचे), खालून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) लावले. साधा नट आणि स्प्रिंग वॉशर लावलेल्या जागी महिन्याभरात ढिलेपणा आला, नायलॉकवर ८ महिन्यांत एकदाही नाही. बोल्टचं डोकं पॅनेलवर दिसू नये म्हणून काहीजण ते स्टिकरखाली घेतात. दिसायला छान, पण पुढच्या वेळी बोल्ट जागच्या जागी फिरला तर स्टिकर फाडल्याशिवाय गत्यंतर नाही. पत्र्याच्या पॅनेलला आतून वेल्ड केलेले स्टड असतात. ते पाना जोरात फिरवला की मुळातून तुटतात, म्हणून तिथे दोन बोटांच्या जोराने घट्ट करावं, त्याहून जास्त नाही.

आता एक बारीक गोष्ट. अनेक जॉयस्टिकची दांडी खाली ई-क्लिपने (E आकाराच्या छोट्या धातूच्या क्लिपने) अडवलेली असते. जोराच्या हिसक्याला ती क्लिप उडते आणि स्प्रिंग, वॉशर, क्लिप असं सगळं कॅबिनेटच्या तळाशी पडतं. तळाला असतो ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय, आणि जुन्या मशीनमध्ये त्यांचे टर्मिनल उघडेच. पॅनेलच्या खाली प्लॅस्टिकचा उथळ ट्रे चार वेल्क्रोपट्ट्यांनी लावला. त्यात आतापर्यंत दोन ई-क्लिप, एक बटणाचा नट आणि एक कानातलं सापडलं आहे. कानातलं आत कसं गेलं हे कोडंच आहे. ट्रे निरुंद ठेवावा आणि त्याने हवेची वाट अडू देऊ नये. जास्तीच्या ई-क्लिप दाराच्या आतल्या बाजूला एका पुडीत चिकटवून ठेवल्या की ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

संरक्षण म्हणून सगळे सर्वांत आधी सुचवतात ते पारदर्शक आवरण. पॅनेलवर ३ मिमी ॲक्रिलिक बसवून पाहिलं, तीन महिन्यांनी काढलं. एक तर जाडी वाढल्याने बटणाच्या नटाला पुरेसे आटे उरत नाहीत आणि जॉयस्टिकची दांडी तेवढीच आखूड पडते. आखूड दांडीला जोर जास्त लागतो, म्हणजे रोगापेक्षा उपाय जड. दुसरं म्हणजे ओलावा. सांडलेलं सरबत आवरणाच्या कडेने आत शिरतं, दोन थरांमध्ये पसरतं आणि वाळत नाही. मूळ ओव्हरलेचे (पॅनेलवर चिकटवलेल्या छापील चित्राचे) रंग वाचवायला लावलेलं आवरणच त्यांच्यावर डाग पाडतं. तिसरं, बटणाच्या भोकाभोवती ॲक्रिलिकला बारीक चिरा गेल्या. पॉलिकार्बोनेट चिरत नाही, पण त्याच्यावर अंगठीचे ओरखडे लगेच दिसतात. दोन्हींवर अमोनियावालं काचेचं क्लीनर मारू नये, साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं. ॲक्रिलिकवर अल्कोहोलही नको.

त्याऐवजी जे टिकलं ते दुसरं पॅनेल. मूळ पॅनेल सगळ्या बटणांसकट काढून गुंडाळून ठेवलं आणि त्याच मापाचं, १८ मिमी प्लायवुडचं, पाहुण्यांसाठीचं पॅनेल बनवलं. त्यावर सुमारे ०.२५ मिमी पॉलिकार्बोनेटवर छापलेला ओव्हरले, जो खराब झाला की सोलून टाकता येतो. वायरिंग कापायची नाही. मूळ हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) प्लगला बसेल असा जोडीचा प्लग नव्या पॅनेलच्या तारांना लावायचा, म्हणजे अदलाबदल १० मिनिटांत होते. १९८५नंतरच्या जॅमा (आर्केड जोडणीचं सामाईक मानक) बोर्डांना ५६ पिनांचा एकच कनेक्टर असल्याने काम सोपं आहे. त्याआधीच्या प्रत्येक मशीनचा नकाशा वेगळा, म्हणून काढण्याआधी प्रत्येक तारेचा रंग लिहून फोटो घ्यावा. मूळ भागावर पुन्हा भोक पाडायचं नाही, हा नियम मात्र कटाक्षाने पाळावा.

सेंटिपीडच्या ट्रॅकबॉलला थप्पड खाण्याची सवयच आहे. चेंडू तीन रोलरवर बसतो, त्यातले दोन हालचाल मोजतात आणि तिसरा नुसता आधार देतो. चेंडूवर हात आपटला की धक्का थेट बेअरिंगला जातो, मग खरखर आणि अडखळ सुरू होते. त्याआधी बहुधा रोलरवर हाताच्या तेलाचा काळा पट्टा तयार झालेला असतो. पंधरा दिवसांतून एकदा चेंडू काढून साबणाने धुणं आणि रोलर आयसोप्रोपिलने पुसणं, एवढ्यावर ८ महिने निघाले. भेदक तेलाचा फवारा मारू नका. तो बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतो, दोन दिवस चेंडू लोण्यासारखा फिरतो आणि तिसऱ्या दिवशी धूळ धरतो. बेअरिंग खडखडली तर तेल न घालता बदलावी.

पोल पोझिशनचं स्टीअरिंग अडथळ्याशिवाय गोल फिरतं. त्यामुळे मोडायला तिथे फारसं काही नाही, ढिलं होतं ते चाक दांड्याला धरणारा नट. खरा बळी हाय-लो गिअरचा दांडा. लोक तो ट्रकचा असल्यासारखा टाकतात. दोन्ही टोकांना दणका झेलायला रबरी बफर लागतो. तो झिजल्यावर धक्का स्विचच्या ब्रॅकेटला बसायला लागतो. आवाज ‘थड’ऐवजी ‘खण’ असा यायला लागला की बफर संपला असं समजावं.

पेयांचं म्हणाल, तर पेला ठेवायला वेगळी जागा दिली नाही तर तो कंट्रोल पॅनेलवरच येणार, हे गृहीतच धरा. दोन मशीनच्या मध्ये, पॅनेलपेक्षा खाली आणि हाताच्या अंतरावर एक अरुंद स्टँड ठेवला आणि सांडणं जवळपास बंद झालं. तरीही सांडलं तर आधी भिंतीवरचा प्लग काढायचा, मग पॅनेल उघडायचं. साखरेचं पेय असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्याने, मग आयसोप्रोपिलने पुसायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. पॅनेलखालच्या तारांना प्लगच्या आधी खाली झोळ ठेवला तर थेंब कनेक्टरमध्ये न शिरता तिथूनच गळतात. मागून पिक्चर ट्यूबजवळ मात्र हात घालू नये. रंगीत मॉनिटरच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. डिस्चार्ज करायची रीत येत असलेल्यानेच तिथे काम करावं.

नाण्यांचा प्रश्न फ्री प्लेने, म्हणजे नाणं न टाकता खेळ सुरू होण्याच्या सोयीने, सुटतो. पॅक-मॅनच्या बोर्डावर त्यासाठी डिपस्विच (छोटे खटके) आहेत. जिथे ती सोय नाही तिथे कॉइन स्विचला समांतर एक छोटं बटण जोडलं की काम झालं. नाहीतर पाहुणे फटीत काय काय कोंबतात ते चिमट्याने काढत बसावं लागतं. काही खेळांत फ्री प्ले लावल्यावर डेमो न चालता एकच स्थिर चित्र राहतं आणि ट्यूबवर त्याची कायमची छाप उमटू शकते. तिथे बटणाचाच मार्ग बरा. मुख्य स्विचही हाताशी नको. गेम हरला की बंद-चालू करणारे लोक असतात, आणि जुन्या पॉवर सप्लायला ते मानवत नाही.

कॅबिनेटचं वजन शंभर किलोच्या घरात किंवा त्याहून जास्त, आणि पिक्चर ट्यूब वरच्या भागात. चाकं लावलेली असतील तर पाहुणे येण्याआधी काढा. चारही लेव्हलिंग पाय जमिनीला टेकलेले आहेत का ते कोपरा हलवून बघा. मागच्या वरच्या कडेला एल-पट्टी आणि भिंतीला पट्टा, हे लहान मुलं असतील तर टाळता येत नाही, कारण पॅनेलला लोंबकळणारं एक तरी मूल भेटतंच. भिंतीपासून १० सेंमी जागा हवेसाठी सोडली तरी पट्टा ताणून बसतो.

मागून रंगवलेल्या मूळ काचा, म्हणजे वरची मार्की आणि पडद्याभोवतीची बेझल, शक्य असेल तर काढूनच ठेवाव्यात आणि छापील प्रत लावावी. ठेवताना रंगाच्या बाजूला बबल रॅप नको. त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात. आम्लरहित कागद घालून काच उभी ठेवावी.

आणखी एक. १९८७च्या पहिल्या स्ट्रीट फायटरच्या एका आवृत्तीत दोन मोठे दाबसंवेदी पॅड होते, जितक्या जोराने माराल तितका ठोसा जोरदार. ते मोडायचे, म्हणून पुढे सहा बटणांची आवृत्ती रूढ झाली. ट्रॅक अँड फील्ड (१९८३) मध्येही धावण्याची बटणं बडवल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. असले खेळ संचात असतील तर वरचं काहीही पुरेसं नाही. तिथे बटणं खर्चाचा भाग समजा, अर्धा डझन जास्तीची जवळ ठेवा आणि मूळ बटणं आधीच काढून घ्या.

पुन्हा करायचं झालं तर याच क्रमाने करू: पाती, रिस्ट्रिक्टर, नायलॉक, ट्रे, मग पाहुण्यांचं पॅनेल. ॲक्रिलिकची शीट अजून कोपऱ्यात उभी आहे, कुणाला खिडकीसाठी हवी असेल तर घेऊन जा.