पित्ताच्या जुन्या त्रासावर आयुर्वेद: दुकानातील चूर्ण, वैद्याची चिकित्सा की पंचकर्म?

अनेक वर्षे पित्ताचा त्रास असलेला आणि सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी गोळी घेऊन कंटाळलेला माणूस ‘आता आयुर्वेद करून पाहावे’ असे ठरवतो, तेव्हा त्याच्यासमोर तीन वाटा असतात. एक औषधांच्या दुकानातून तयार चूर्ण किंवा गोळ्या आणण्याची, दुसरी वैद्याकडून तपासून घेण्याची आणि तिसरी पंचकर्माची. तिन्हींना आयुर्वेद हेच नाव असले, तरी त्यांत मिळणारी गोष्ट, लागणारा वेळ आणि पत्करावा लागणारा धोका यांत इतका फरक आहे की, एकीचा अनुभव दुसरीला लावणे योग्य होत नाही.

हा फरक समजण्यासाठी शास्त्राची थोडी ओळख आवश्यक आहे. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय या ग्रंथांत शरीराचा विचार वात, पित्त आणि कफ हे तीन दोष, रसापासून शुक्रापर्यंतचे सात धातू (म्हणजे शरीर घडवणारे घटक), मल आणि अग्नी (म्हणजे पचनशक्ती) यांच्या आधारे केला आहे. रोग कोणता आहे याइतकेच तो कोणाला झाला आहे, त्याची प्रकृती काय, भूक कशी लागते, ऋतू कोणता आहे, यालाही तेथे महत्त्व आहे. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर या तक्रारींना आयुर्वेदात आम्लपित्त म्हणतात. माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथात त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार सांगितले आहेत: पहिल्यात आंबट-कडू उलटी होते, दुसऱ्यात दोष खालच्या मार्गाने बाहेर पडतात. दोन्हींच्या उपचारांची दिशा सारखी नसते. माझ्या मते निवड करताना खरा प्रश्न हाच आहे: आपल्या तक्रारीला अशा तपासणीची गरज आहे का? दुकानातील बाटली तपासणी करू शकत नाही, आणि आयुर्वेदाचे वेगळेपण तर नेमके तपासणीतच आहे.

तरीही दुकानाची वाट सरसकट चुकीची म्हणता येणार नाही. लग्नसराईतले जड जेवण किंवा सलग जागरणे यांमुळे चार दिवस पित्त वाढले असेल, तर ती पुरेशी ठरू शकते. मात्र आपण काय घेत आहोत, हे माहीत असावे. पित्तावर हमखास सुचवल्या जाणाऱ्या अविपत्तिकर चूर्णाचे उदाहरण घेऊ. त्यात सुंठ, मिरी, पिंपळी, हरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा अशी बरीच द्रव्ये असतात. पण प्रचलित शास्त्रोक्त पाठानुसार, म्हणजे ग्रंथात दिलेल्या कृतीनुसार, वजनाने जवळजवळ निम्मी साखर आणि सुमारे एक-तृतीयांश निशोत्तर असते. निशोत्तर रेचक आहे. बद्धकोष्ठ असलेल्याला हे चूर्ण मानवेल. ज्याला आधीच दिवसातून तीनदा शौचास जावे लागते त्याला ते त्रासदायक ठरेल, आणि मधुमेही माणसाने निम्मी साखर कशासाठी घ्यावी, हा प्रश्न उरतोच.

सूतशेखराची गोष्ट याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात कित्येक घरांत ही गोळी डब्यात कायम असते आणि डोके दुखले किंवा मळमळले की विनाचौकशी घेतली जाते. वास्तविक हा रसकल्प, म्हणजे पारा आणि खनिजे वापरून बनवलेले औषध आहे. त्याच्या शास्त्रोक्त पाठात शुद्ध केलेला पारा, गंधक, ताम्रभस्म, बचनाग आणि धोत्र्याचे बी ही द्रव्ये येतात. ‘साधा’ सूतशेखर म्हणजे सुवर्णभस्म नसलेला, सौम्य सूतशेखर नव्हे. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खालील नियमांनुसार अशी विषारी द्रव्ये असलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांतील ओळ वाचूनच पैसे द्यावेत.

दुकानातील मालाचेही दोन वर्ग असतात. शास्त्रोक्त औषध कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतील पाठाप्रमाणे बनते आणि वेष्टनावर त्या ग्रंथाचा उल्लेख असतो. प्रोप्रायटरी औषधातील द्रव्ये त्या ग्रंथांतील असली, तरी त्यांची जुळवणी कंपनीची स्वतःची असते. त्यामुळे ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द दुसऱ्या वर्गाच्या डबीवर दिसले, तर ते त्या डबीतील पाठाला लागू होत नाहीत.

वैद्याकडे गेल्यास पहिल्या भेटीत बराच वेळ प्रश्नोत्तरांत जातो आणि तो वाया जात नाही. जळजळ जेवणानंतर लगेच होते की दोन-तीन तासांनी, उपाशी राहिल्यावर वाढते का, रात्रीचे जेवण किती वाजता होते, दही, लोणचे, आंबवलेले पदार्थ किती खाल्ले जातात, झोप कशी आहे, असे विचारले जाते. नाडी, जीभ आणि पोट तपासले जाते. मग औषधाबरोबर ते केव्हा आणि कशासोबत घ्यायचे हेही सांगितले जाते, कारण तूप, मध किंवा कोमट पाणी यांपैकी कोणते अनुपान द्यायचे हाही उपचाराचाच भाग मानला जातो. ही वाट संथ आहे. पथ्य पाळायची तयारी नसलेल्याने या वाटेला न जाणेच बरे. त्यात वैद्याचाही वेळ जातो.

वैद्य निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी; तिचा अंतर्वासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक असते. परंतु आपल्याकडे अनेक बीएएमएस डॉक्टर प्रामुख्याने ॲलोपॅथीची औषधे देतात, म्हणून पाटीवरील पदवीवरून तेथे आयुर्वेदीय चिकित्सा मिळेल असे गृहीत धरू नये. सरळ विचारावे. दुसरे असे की, कागदी पुड्यांतून मिळणाऱ्या औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मागावे. नाव लिहायला नकार देणाऱ्याचे औषध घेऊ नये, मग त्याची ख्याती काहीही असो. अमेरिकेत बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले होते. नाव माहीत असेल, तर पुढे काही बिघडल्यास दुसऱ्या डॉक्टरला कारण शोधता येते.

पंचकर्म ही मोठी वाट आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजही मोठे आहेत. वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब करवणे), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध घालणे) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे) ही पाच कर्मे. अंगाला तेल लावून मालिश किंवा कपाळावर शिरोधारा हे त्या पाचांत येत नाही. पित्तासाठी मुख्य कर्म विरेचन. त्याआधी काही दिवस वाढत्या प्रमाणात औषधी तूप प्यावे लागते, नंतर अभ्यंग (तेलाचे मालिश) आणि वाफ, मग विरेचनाचा दिवस आणि त्यानंतर तीन ते सात दिवस पेजेपासून हळूहळू नेहमीच्या आहाराकडे येण्याचा संसर्जन क्रम. सगळे धरून दोनेक आठवडे बाजूला काढावे लागतात. शरद ऋतू, म्हणजे आपल्याकडील ऑक्टोबरच्या उन्हाचा काळ, यासाठी योग्य मानला आहे. गर्भवती स्त्रिया आणि अतिशय अशक्त रुग्ण यांना विरेचन वर्ज्य आहे. समुद्रकिनारी तीन दिवसांचे ‘पंचकर्म पॅकेज’ मिळत असेल, तर ती विश्रांती म्हणून घ्यावी, चिकित्सा म्हणून नव्हे. खऱ्या पंचकर्मासाठी पुण्यातील ताराचंद रामनाथ रुग्णालय, वरळीचे पोद्दार रुग्णालय किंवा गोव्यात धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था यांसारख्या शिक्षणाशी जोडलेल्या रुग्णालयांत आधी चौकशी करावी.

आधुनिक उपचारांशी तुलना करायची तर मोजून सांगावे लागेल. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या मोठ्या चाचण्यांतून तपासलेल्या आहेत, त्यांचा परिणाम लवकर दिसतो आणि अल्सरचे कारण हेलिकोबॅक्टर जिवाणू असेल, तर प्रतिजैविकांचा कोर्स हाच सिद्ध उपाय आहे. आयुर्वेदिक कल्पांवर एवढा भक्कम पुरावा अद्याप उभा राहिलेला नाही. त्यांची बाजू बळकट आहे ती आहार, जेवणाच्या वेळा आणि झोप यांवर रुग्णाकडून काटेकोरपणे काम करून घेण्यात. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास आधी एंडोस्कोपी, मग बाकीचा विचार. छातीतील दुखणे हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ते पित्त समजून घरी थांबू नये.

वारंवार उलटणाऱ्या, पण तपासण्या निर्धोक आलेल्या जुन्या पित्तासाठी मी वैद्याची वाट निवडेन, आणि पंचकर्म करायचे की नाही हे त्याच वैद्यावर सोपवेन. पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी न्यावी. रक्तदाब असल्यास तो मुद्दाम सांगावा, कारण पित्तावर सर्रास दिले जाणारे ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. सकाळची गोळी मात्र त्याच दिवशी स्वतःहून बंद करू नये: ती दीर्घकाळ घेऊन एकदम सोडली, तर काही दिवस आम्ल उलट अधिक वाढते आणि दोष नव्या औषधावर जातो. ती कशी कमी करायची, हे देणाऱ्या डॉक्टरलाच विचारावे.