नावं छापलेला अ‍ॅटलास की आकडे छापलेला? सात महिन्यांच्या वापरानंतर

परवा रविवारी भाची घरी आली, बॅगेतून अ‍ॅनाटॉमीचा, म्हणजे शरीररचनेच्या चित्रांचा, अ‍ॅटलास काढायला गेली आणि थोरॅक्सची (छातीची) सगळी पानं आपण होऊन टेबलावर उतरली. बाकीचं पुस्तक तिच्या हातात. शिवणीचा दोरा लोंबतोय, पाठीवरचा वाळलेला गोंद कोंड्यासारखा गळतोय. "मामा, हार्ट निसटलं बघ," म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. मला काही हसू आलं नाही. त्या पुस्तकाचे ११०० रुपये माझ्या खिशातून गेलेत.

तर सात महिने झाले, तीन अ‍ॅटलास झाले, एक कडाक्याचं भांडण झालं. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एका सीटी सेंटरवर टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. भाची एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. "नीटची प्रवेश परीक्षा निघाली तर पुस्तकं माझ्याकडून," असं ताईला मोठ्या तोंडाने सांगून बसलो होतो. पोरीने नीट काढली. पुस्तकं म्हणजे काय प्रकरण असतं ते मला त्यानंतर कळलं.

कुठल्या अ‍ॅटलासात किती प्लेट्स, कितवी आवृत्ती, किती किलो, ह्यात मी शिरत नाही. वाचायला आणि परीक्षेत आकृत्या काढायला बीडीसी (बी. डी. चौरसिया यांचं पाठ्यपुस्तक) घरोघरी असतंच, त्यावरही लिहीत नाही. मला बोलायचंय ते अ‍ॅटलासवर, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकाच गोष्टीवर: चित्रावर नाव छापलंय की आकडा.

पहिला घेतला नेटर, म्हणजे फ्रँक नेटर यांचा, नावं छापलेला. जुना, एक आवृत्ती मागचा, भाचीच्या सीनियरकडून. नेटर स्वतः डॉक्टर, पण आयुष्यभर चित्रंच काढली. हा अ‍ॅटलास १९८९ साली पहिल्यांदा आला आणि १९९१ साली ते गेले. हाताने रंगवलेली चित्रं आहेत. आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी, आणि प्रत्येकीपासून रेघ निघून थेट नावापर्यंत जाते. बघितलं, नाव वाचलं, पुढे. मला तर बघताक्षणी आवडलं. समासात आधीच्या मालकिणीने पेन्सिलीने मराठीत काय काय लिहून ठेवलेलं. एका जागी "सर इथेच अडवतात" असं दोनदा अधोरेखित. असल्या ओळींसाठीही जुनं पुस्तक घ्यावं. माणसाच्या हाडांत आवृत्तीगणिक काही नवीन उगवत नाही. थोडी नावं बदलतात, बस.

मग भाची डिसेक्शनला, म्हणजे मृतदेह उघडून शिकायला, बसायला लागली. दुसऱ्याच आठवड्यात रात्री फोन. "मामा, बॉडीत लाल-निळं काहीच नाहीये रे. सगळं भिजलेल्या सुतळीच्या रंगाचं आहे. नर्व्ह कुठली नि व्हेन कुठली, टेबलावर कुणालाच कळेना." आता हे मी तिला काय सांगणार? मला माणूस आतून दिसतो तो काळा-पांढराच.

सीनियर म्हणाले, फोटोंचा अ‍ॅटलास घे. रोहेन-योकोची किंवा मॅकमिन, दोन्हींत खऱ्या डिसेक्शनचे फोटो. त्यातला एक ऑनलाइन मागवला. कुठला ते सांगत नाही, कारण त्यात पुस्तकाचा दोष नव्हता आणि विक्रेत्याचं नाव मला इथे घ्यायचं नाही. किंमत बाहेरच्या निम्म्याहून कमी. तिथेच शंका यायला हवी होती, पण स्वस्त दिसलं की माझी अक्कल चरायला जाते.

ह्या फोटोंच्या अ‍ॅटलासांत रेघा आणि नावं नसतात. फोटोवर बारीक आकडे छापलेले असतात आणि शेजारी यादी: १ अमुक, २ तमुक. माझं डोकं पहिल्याच दिवशी उठलं. आकडा बघा, यादीत शोधा, परत फोटोवर या, तोवर आकडा कुठला होता ते विसरा. एका पानावर तीस-तीस आकडे. ही काय गृहनिर्माण सोसायटीची मतदार यादी आहे का? एवढं मोठं पान, नावं लिहायला काय झालं होतं?

त्यात आमची प्रत निघाली नकली. ते कळलं असं. काखेतल्या नर्व्हचा फोटो उघडून भाची अर्धा तास एकाच आकड्यावर अडकली. तीन आहे की आठ? इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ, छपाई जरा सरकली की सख्खे भाऊ. यादीत तीन म्हणजे मीडियन, आठ म्हणजे अल्नर, दोन वेगळ्याच नर्व्ह. उद्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) काय सांगायचं, छपाईवाल्याला विचारा? भिंग घेऊन बसलो तेव्हा दिसलं की लाल रंग काळ्याच्या बाजूला केसभर सरकलाय आणि प्रत्येक कडेला सावली पडलीय. काळी पार्श्वभूमी राखाडी. लायब्ररीतली अस्सल प्रत तिने बघितली तर तिच्यात तो आकडा स्वच्छ तीन.

विक्रेत्याचं म्हणणं, पुस्तक उघडलेलं आहे, परत घेता येणार नाही. अरे बाबा, न उघडता नकली आहे हे कसं कळणार? मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. भाचीला लायब्ररीत पाठवलं, अस्सल पान आणि आमचं पान शेजारी ठेवून, वर पट्टी ठेवून फोटो काढायला लावले. आमचं पान चांगलं अर्ध्या सेंटिमीटरने आखूड. रोज सकाळी ड्युटीवर जाताना तेच फोटो, तीच तक्रार. १९ दिवसांनी पैसे आले, कुरियरचे ८५ कापून. ते ८५ रुपये मी अजून विसरलेलो नाही.

इथपर्यंत माझं मत ठरलेलं होतं: नावांचा अ‍ॅटलास घ्या, आकड्यांच्या भानगडीत पडू नका. चार जणांना तसं सांगूनही झालं होतं. त्यांची आता माफी मागतो.

झालं असं की भाचीची स्पॉटर परीक्षा जवळ आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलांवर एकेक नमुना मांडलेला असतो, त्यात पिन खोचलेली किंवा दोरा बांधलेला, शेजारी चिठ्ठी, "ओळखा". घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. नाव कुठेच नाही. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्मही ठेवतात, त्यांच्यावर बाण. ही सुट्टीत घरी आली तेव्हा लायब्ररीतून आणलेला तोच फोटोंचा अ‍ॅटलास घेऊन बसलेली. यादीवर माझ्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका आडवी ठेवलेली, फोटो तेवढा उघडा. एकेका आकड्यावर बोट ठेवून नाव म्हणायचं, पत्रिका बोटभर खाली सरकवायची, चुकलं तर पेन्सिलीने टिंब. रात्री अकरापर्यंत हेच. मी शेजारी बसून बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की नेटर घेऊन हे करताच येत नाही. नाव तिथेच छापलेलं, डोळा आधी तेच वाचतो आणि आपल्याला वाटतं आपण ओळखलं. (नेटरवर नावं झाकायला स्टिकी नोट लावणारे आहेत. एका प्लेटला वीस नोटा. करा हौस असेल तर.)

गंमत अशी की हा वाद माझ्या आधी दीडशे वर्षांपूर्वीचा निघाला, आणि त्याचा धागा आमच्या गावापर्यंत येतो. १८५८ साली शरीररचनेचं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक ग्रेज अ‍ॅनाटॉमी निघालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. तेव्हाच्या पुस्तकांत आकृतीवर आकडे किंवा अक्षरं आणि त्यांचे अर्थ वेगळ्या यादीत अशी पद्धत सर्रास होती. कार्टर यांनी काय केलं, तर नाव त्या हाडावर, त्या स्नायूवरच लिहून टाकलं, नर्व्हच्या वळणाबरोबर अक्षरं वळवून. पुस्तक गाजलं त्यात ह्या गोष्टीचा वाटा मोठा. आणि हे कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवू लागले आणि पुढे काही वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. म्हणजे आकड्यांना कंटाळून नावं लिहिणारा माणूस आमच्याच रस्त्यांवरून फिरलेला. भाचीला सांगितलं तर म्हणते, "मग ग्रँटचा अ‍ॅटलास पण त्याच कॉलेजचा का?" नाही. ते ग्रँट टोरांटोचे, त्यांचा अ‍ॅटलास १९४३ चा, तिथल्या डिसेक्शनवरून काढलेल्या चित्रांचा. मुंबईच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते ग्रँट मुंबईचे गव्हर्नर होते.

तर शिकताना नावं, घोकून झाल्यावर आकडे. दोन्ही लागतात, हे सात महिन्यांनी कबूल करतो. पण विकत एकच घ्या, नावांचा. आकड्यांचा लायब्ररीतून. तो परीक्षेच्या आधी महिनाभरच लागतो.

आता इमेजिंगचा, म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या चित्रांचा, अ‍ॅटलास. हा भाचीच्या नावाने घेतला, पण वापरतोय मी. नाइटला पेशंट नसला की काउंटरवर उघडा असतो. ह्याच्यातही आकडेच, पण एक्स-रेवर किंवा सीटीच्या कटवर (शरीराच्या आडव्या कापाच्या चित्रावर) रेघांचं जाळं पसरलं तर खालचं काही दिसणार नाही, हे मला धंद्यामुळे पटतं. माझी तक्रार दुसरी आहे. चित्राची उजवी बाजू म्हणजे पेशंटची डावी, हे प्रस्तावनेत एकदा सांगितलंय आणि पुढे शेकडो चित्रांवर एक 'आर' (राइट, उजवी बाजू) म्हणून छापलेला नाही! आम्ही कॅसेटवर शिशाचा मार्कर लावायला विसरलो तर डॉक्टर आमची शोभा करतात, आणि इथे एवढ्या किमतीच्या पुस्तकात एक अक्षर महाग झालं.

भाचीने पोटाचा पहिला कट बघितला आणि म्हणाली, "लिव्हर डावीकडे कसं? पुस्तक चुकलंय." तोंडी सांगून पटेना. शेवटी आई दुपारी खाटेवर उताणी पडलेली, तिच्या पायाशी भाचीला उभं केलं. "आता आजीचं लिव्हर तुझ्या कुठल्या हाताला?" डाव्या. "सीटी बघताना तू अशी पायाशी उभी असतेस आणि वर बघतेस." आईने डोळे न उघडता विचारलं, "माझ्या लिव्हरला काय झालंय?" पण पोरीच्या डोक्यात बसलं ते बसलं.

घेण्याआधी दुकानातच एक बघा: छातीचा एकच कट लंग विंडोत (फुफ्फुस दिसेल अशा उजेड-अंधाराच्या सेटिंगवर) आणि मीडियास्टायनल विंडोत (मधलं हृदय दिसेल अशा सेटिंगवर) असा दोनदा दिलाय का. विड्थ १५०० आणि लेव्हल उणे ६०० ला फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्या दिसतात, मधलं सगळं पांढरं. विड्थ ४०० आणि लेव्हल ४० ला आणलं की उलट, हृदय आणि मोठ्या वाहिन्या उमटतात, फुफ्फुस काळं ठिक्कर. एकच दिला असेल तर अर्धीच छाती विकत घेताय. आणि इथे जुनी आवृत्ती नको. चित्र जुनं होत नाही, एमआरआय होतो. पंधरा वर्षांपूर्वीचा गुडघा आजच्या शेजारी ठेवला तर डोळ्यांत फूल पडल्यासारखा दिसतो. झेरॉक्सचा तर विचारही करू नका, सीटीची झेरॉक्स म्हणजे काळा डाग.

पहिल्या वर्षाला हा लागतो का? घेताना वाटलं होतं लागतो. आता म्हणेन, नाही. कागदावर एक कट दिसतो. खरी मजा कट सरकवत वर-खाली जाण्यात आहे, तेव्हा आर्टरी फुटून दोन होताना दिसते. ती रेडिओपीडिया ह्या वेबसाइटवर फुकट बघता येते, २००५ पासून चालू आहे. भाची मोबाइलवर तेच बघते.

पण मला मात्र पुस्तकाने पैसे फेडून दिले. मागच्या महिन्यात आंब्यावरून पडलेला सात वर्षांचा पोरगा आला, कोपर सुजलेलं. फिल्मवर आतल्या बाजूला हाडाचा एक सुटा तुकडा. बाप घाबरला, "मोडलं ना?" रिपोर्ट देणं माझं काम नाही, पण मुलांच्या कोपरातली हाडाची केंद्रं (हाड जिथे बनायला लागतं ते सुटे ठिपके) क्रमाने उगवतात हे माहीत होतं: साधारण १, ३, ५, ७, ९, ११ वर्षं, अशी सहा. तिसरं आतल्या बाजूचं. डॉक्टर येईपर्यंत अ‍ॅटलासात त्या वयाचं पान काढून ठेवलं आणि त्यांनी सांगितल्यावर दुसऱ्या कोपराचीही फिल्म काढली. दोन्हीकडे सारखंच टिकलीएवढं केंद्र. डॉक्टरांनी झोळी दिली आणि आठवड्याने या म्हणाले. बापाने जाताना पिशवीतले चार आंबे काउंटरवर ठेवले, त्याच झाडाचे.

शेजारची मुलगी फिजिओ करतेय, तिचं म्हणणं तिला नेटरमधली हातापायांची पानं सोडून बाकी पुस्तक जड ओझं आहे. असेल. प्रत्येकाची झिजलेली पानं वेगळी.

नेटरचं निसटलेलं हार्ट घेऊन मी राजवाड्याजवळच्या बायंडरकडे गेलो. त्याने पानं चाळली, एका प्लेटवर थांबला, "हे आपल्या सगळ्यांत असतं?" विचारलं आणि १८० रुपये सांगितले. पक्की शिवण, पाठीला कापड, वर हिरवं रेक्झिन. चार दिवसांनी दिलं तेव्हा टेबलावर सपाट उघडत होतं, जे ते आधी कधीच उघडत नव्हतं. मधल्या घडीत गेलेल्या दोन रेघा आणि त्यांची नावं पहिल्यांदा पूर्ण दिसली. फक्त कणा किराणा दुकानाच्या खतावणीसारखा दिसतो. भाची म्हणाली, हॉस्टेलवर लाज वाटेल. वाटू दे.

पुढच्या वर्षी ज्युनियरला विकायचं ठरलंय. ती ९०० म्हणतेय. मी म्हटलं ११००, आणि बायंडिंगचे १८० वेगळे.