ग्रोथ हार्मोनचं पेन, अडीच वर्षं वापरून झाल्यावर

अडीच वर्षं झाली लेकीला रोज रात्री ही सुई देतेय म्हणून म्हटलं आता लिहावं. ब्रँड सांगणार नाही, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पेन मस्त आहे. आकडा फिरवून डोस लावायचा, मांडी नाहीतर पोट, रोज जागा बदलायची, दाबून दहापर्यंत मोजायचं की झालं. सुई इतकी बारीक की पहिल्या आठवड्यानंतर पोरगी टीव्हीवरून नजरसुद्धा हटवत नाही. त्रास फ्रीजचा, २ ते ८ डिग्रीतच ठेवायचं, एकदा सासूबाईंनी चांगल्या मनाने फ्रीझरमध्ये मटारशेजारी ठेवलं आणि अख्खं कार्ट्रिज फेकावं लागलं, गोठलं की वाया गेलं. त्या दिवशी मी जेवले नाही, किंमत माहितीये ना या गोष्टीची. गुण मात्र आला, आधी वर्षाला जेमतेम ४ सेंटीमीटर वाढायची, पहिल्या वर्षी ९ वाढली, दुसऱ्या वर्षी जरा कमी, ते तसंच असतं म्हणे.

आता खरा विषय. माझे सासरे आतड्याच्या कॅन्सरने गेले, त्यामुळे घरात पहिला प्रश्न हाच, वाढीचंच औषध ते, उद्या गाठ पण वाढवली तर? आम्ही आधी जिथे गेलो तिथे हे विचारलं तर "गूगल कमी करा" एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या डॉक्टर मॅडम मात्र अर्धा तास बसल्या. म्हणाल्या भीती वेडेपणाची नाहीये, हे हार्मोन गेलं की लिव्हर आयजीएफ-१ नावाचं द्रव्य बनवतं, ते पेशींना वाढा म्हणतं आणि बिघडलेल्या पेशीला मरूही देत नाही लवकर.

मग जुनी गोष्ट सांगितली. १९८५ पर्यंत हे हार्मोन मृत माणसांच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून काढायचे, त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला म्हणून ते बंद झालं, आताचं लॅबमध्ये बनतं. त्या जुन्या औषधावरच्या ब्रिटनमधल्या १,८४८ जणांचा अभ्यास २००२ मध्ये आला, त्यात आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. ह्यांचा चेहराच उतरला. मॅडम म्हणाल्या थांबा, ते जास्त मृत्यू म्हणजे एकूण २.

नंतर युरोपातल्या ८ देशांत मिळून हे लॅबमधलं औषध घेतलेल्या जवळपास २४ हजार मुलांचा मागोवा घेतला, २०१७ मध्ये निकाल आला. ज्यांना फक्त उंचीचाच प्रॉब्लेम होता त्यांच्यात एकूण कॅन्सर वाढलेला दिसला नाही. पण ज्यांना आधीच कॅन्सर होऊन गेला होता त्यांच्यात डोस जास्त तसे कॅन्सरचे मृत्यू जास्त असं दिसलं, आणि ज्यांना आधी कॅन्सर नव्हता त्यांच्यातही हाडांचा आणि मूत्राशयाचा कॅन्सर जास्त आढळला, त्याचं कारण अजून नक्की लागलेलं नाही. शिवाय ही मुलं तेव्हा अजून तरुणच होती, साठीत काय होतं ते पुढेच कळणार. हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून तर आमचा विश्वास बसला.

मग विचारलं, सासरे कितव्या वर्षी गेले? ७४. घरात अजून कुणाला, कमी वयात? नाही. तिला किंवा भावाबहिणीला रेडिएशन वगैरे? नाही. म्हणाल्या मग घ्यायला हरकत नाही, मात्र आयजीएफ-१ ची टेस्ट चुकवायची नाही. मागच्या वर्षी तो आकडा रेंजच्या वर गेला तेव्हा त्यांनी लगेच डोस कमी केला, उंची छान वाढतेय म्हणून चालू ठेवा म्हणाल्या नाहीत. डोकं सतत दुखलं किंवा मूल लंगडायला लागलं तर वाट न बघता फोन करायचा हेही पहिल्याच दिवशी लिहून दिलं.

आमचा जिमवाला भाचा विचारत होता मामी एक पेन मिळेल का, बॉडीसाठी. त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार कापला तो औषधाचा नाही, आमच्या केमिस्टचा, ज्याने मे महिन्यात आईसपॅकशिवाय पार्सल पाठवलं आणि वर म्हणाला "काही होत नाही ताई".