छापील पेपर बंद, ई-पेपर सुरू: ठाण्यातून वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर घरचा पेपर बंद केला आणि एका मराठी दैनिकाच्या ई-पेपरचं वार्षिक सदस्यत्व घेतलं. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पेपरवाल्याला वर सोडत नाहीत. गठ्ठा गेटवर पडतो आणि सकाळच्या घाईत आपला अंक दुसऱ्याच्याच काखेत दिसतो.

वाचायला ई-पेपर झकास. पान जसंच्या तसं दिसतं, बातमीवर बोट ठेवलं की अक्षर मोठं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वडिलांनी टॅब सोडलेला नाही. आईचं माहेर सांगलीचं, त्यामुळे ती आधी सांगली आवृत्ती उघडते, तीही निधनवार्तांचं पान. रद्दीचे पैसे बुडाले, ही तक्रार मात्र तिने अजून मागे घेतलेली नाही.

शोध जवळपास निरुपयोगी आहे. पान म्हणजे नुसतं चित्र, त्यातला शब्द सापडत नाही. गेल्या महिन्यातली बातमी हवी असेल तर तारीख आठवा आणि पानं चाळा.

खरा वैताग त्याच कंपनीच्या ॲपचा. ई-पेपरच्या मथळ्यात कोण, कुठे, काय ते कळतं; ॲपवर ‘या’ अभिनेत्रीने ‘असं’ काही केलं की... त्याखाली राशिभविष्य. तिथली कमाई क्लिकवर आणि जाहिरातींवर, म्हणून मथळ्यातच बातमी सांगून टाकणं त्यांना परवडत नसावं. मी नोटिफिकेशन बंद करून टाकली.

पैसे देतो ते ठाण्याच्या पानांसाठी. शहराला पाणी पुरवणाऱ्या ‘स्टेम’ कंपनीचं पाणी कधी बंद, हे व्हॉट्सॲपवरही कळतं. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार चालला. नगरसेवक नाहीत, महासभा नाही, प्रश्न विचारणार कोण? कुठल्या कामाचा खर्च वाढला, कुठल्या रस्त्याचं काम कुणाला गेलं, हे तेव्हा मला कळलं ते आतल्या पानावरच्या एका कॉलमच्या बातम्यांतून. अशा बातमीचं नोटिफिकेशन कधीच येत नाही. ती आणायला मात्र पगारी बातमीदार मुख्यालयात चकरा मारत असावा लागतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरपोच पेपर थांबले, पीडीएफ फुकट फिरू लागल्या, आणि ‘पेपरला पैसे कशाला’ म्हणणारे तेव्हापासून वाढलेत. फुकट पीडीएफमधून त्या बातमीदाराचा पगार निघत नाही.

छापील अंक पुरता सुटलेला नाही, त्याला कारण जाहीर नोटिसा. सोसायटीतला सभासद नॉमिनेशन न करता वारला, तर हक्कदारांना पुढे येण्यासाठी स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते. आमच्या समितीने ती दिली. वकिलांनी ई-पेपरचं कात्रण बाजूला सारून छापील अंकच मागितला. मग गोखले रोडला स्टॉलवर जाऊन प्रती घेतल्या. रीडेव्हलपमेंटच्या धामधुमीत ठाण्यात अशा नोटिसांना तोटा नाही. छपाई चालू राहण्यात त्यांचाही हात असणार.

अर्धं पान जाहिरात झाकते ती सदस्यांनाही दिसते, हे मला पटत नाही. ग्राहकसेवेचं उत्तर साचेबंद आलं. तरी वर्ष संपलं की नूतनीकरण करणार आहे, फक्त ऑटो-पे बंद ठेवून. तुमच्या गावाची स्वतंत्र आवृत्ती ई-पेपरात आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. नसेल तर वार्षिकच्या भानगडीत न पडता महिन्याचा प्लॅन घ्या.