गगनबावड्याजवळची लाकडी केबिन : बुकिंग करताना जुनीच मागा

कोल्हापुरातनं दीडेक तास गाडी मारली की गगनबावडा. तिथल्या एका होमस्टेला श्रावणात दोन रात्री राहिलो, नाव टाकत नाही कारण एक तक्रार आहे. माझे वडील सुतार, त्यामुळं कुठंही गेलो की माझी नजर आधी सांध्यावर जाते.

त्यांच्याकडं दोन केबिन आहेत. जुनी म्हणजे खरं काम! कुऱ्हाडीनं तासलेले ओंडके एकावर एक रचलेत, कोपऱ्यात खाचेत खाच, भिंतीत खिळा एकही नाही, आणि वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव अजून बोटाला लागतात. अमेरिकेत ॲपलेशियन डोंगरात वस्ती करायला गेलेली माणसं अशीच घरं बांधायची. १६३८ ला डेलावेअर नदीकाठी स्वीडनची वसाहत झाली, तिथल्या स्वीडिश-फिनिश लोकांनी ही पद्धत सोबत नेली होती. त्यांच्यातली हाफ डव्हटेल खाच मला लई आवडते, वरचं अंग तिरकं ठेवतात म्हणजे कोपऱ्यात पाणी थांबत नाही, बाहेर उतरतं, आणि ओंडका निसटतही नाही. इथं तीच खाच मारलीय. फटीत ते लोक दगडाच्या कपच्या आणि माती भरायचे, इथं माती, शेण, भुसा मळून भरलंय, आपल्या कुडाच्या भिंतीला लिंपतात तसंच.

दाराच्या चौकटीवर दोन बोटं फट सोडून वर फळी मारलेली दिसली. मालक काकांना विचारलं तर म्हणाले, "लाकूड वाळंल तशी भिंत खाली बसतीया, फट नसली तर दार आडकतंय बघा." बांधणाऱ्यानं किती पुढचा विचार केलाय! रात्रभर धो धो पाऊस, आत थेंब नाही, कारण पागोळ्या भिंतीपासून चांगल्या तीन फूट लांब पडतात आणि जोतं दगडी, गुडघाभर उंच.

आता तक्रार. दुसऱ्या रात्री नवीन केबिन दिली, ती लोखंडी अँगलवर अर्धगोल फळ्या स्क्रूनं मारलेली, कोपऱ्याला ओंडक्याची नुसती टोकं चिकटवलेली. जोतं नाहीच, खालची फळी मातीला टेकलेली, गाडीची किल्ली दाबली तर अर्धा इंच आत गेली. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस जिथं पडतो तिथं लाकूड मातीला टेकवायचं? आणि रेट दोन्हीचा सारखाच, याचं खरंच वाईट वाटलं. काकांना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

जेवण एक नंबर, नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा. काकूंनी चुलीवरनं गरम गरम वाढलं.

बुकिंगच्या फोनवर सरळ विचारा, दगडी जोत्याची केबिन रिकामी आहे का. नसेल तर तारीख पुढं ढकला.